गोड्या मसाल्याची पिशवी

लिफ्ट चौदाव्या मजल्यावर थांबली, मोना आणि तिचा चिकू आत आले, आणि चिकूनं आसावरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. झालं ते एवढंच. पण गेली चार वर्षं रोज सकाळी सव्वाआठला हा तांबूस, पोट सुटलेला कुत्रा लिफ्टचं दार पुरतं उघडायच्या आत आपलं ओलं नाक आसावरीच्या तळहातात खुपसायचा, ती 'शी, शी' म्हणत हात पँटला पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच हात पुन्हा पुढे धरायची. आजही हात पुढे होता. चिकूनं तिचे बूट हुंगले, मग लिफ्टची भिंत हुंगली, आणि दोन्हींत काही फरक नसल्यासारखा तो तिच्याकडे पाठ करून बसला. "सर्दी झाली असेल गं त्याला," मोना म्हणाली. "वेदर चेंज होतंय ना यार." ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जर्सी सिटीत उकडून जीव जात होता, वेदर कुठलं चेंज व्हायला बसलंय! आसावरी हसली. दाराच्या चकचकीत पत्र्यात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, मोनाच्या खांद्यावरची बॅग दिसत होती, म्हणजे ती तिथे होती, सत्तावन्न वर्षांची, बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायला मॅनहॅटनला निघालेली. तरीही आपण लिफ्टमध्ये नाहीच आहोत, असं कुणीतरी अधिकारवाणीनं सांगून गेल्यासारखं वाटलं. ट्रेनमध्ये उभ्या उभ्या तिनं मनगट नाकाशी नेलं. काही नाही. पाण्याच्या ग्लासाला असतो तेवढाही वास नाही.

साबणाचा आज सहावा दिवस होता. तो तिच्या मुलीनं, रुहीनं, पाठवला होता, पार मेन राज्याच्या उत्तर टोकावरून, खोक्यात घालून: बिनवासाचा साबण, बिनवासाचा शाम्पू, कपडे धुवायची बिनवासाची पावडर, आणि वर चिठ्ठी. पर्फ्यूम नाही, क्रीम नाही, केसांना तेल नाही, दहा दिवस, प्लीज आई, सिरियसली. रुही अस्वलांच्या शिकारीची गाइड होती. हे वाक्य आसावरीला अजून एका दमात म्हणता येत नसे. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं तर ती 'वाइल्डलाइफमध्ये आहे' म्हणायची, लोकांच्या डोळ्यांसमोर कॅमेरा आणि हरणं यायची, आणि ती ती येऊ द्यायची. खरं काम असं, की हंगामाच्या आधी महिनाभर जंगलात ठरल्या जागी अस्वलांसाठी खाणं ठेवत जायचं, शिळे डोनट, पॉपकॉर्न, काकवी, तळणीचं जुनं तेल, म्हणजे अस्वलाला तिथे यायची सवय लागते. आणि ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी हंगाम उघडला की शिकारी तिथल्या मचाणावर जाऊन बसतो. तिथे कायद्यानं चालतं हे. आठ वर्षं रुही दुसऱ्यांना मचाणावर बसवत आली होती, स्वतः कधी बसली नव्हती. यंदा बसणार होती. तीन वर्षं ती एकाच अस्वलाच्या मागावर होती, छातीवर पांढरा पट्टा असलेलं एक थोरलं काळं अस्वल, आणि ते ज्या रानात यायचं ते रान शेजारच्या म्हाताऱ्या वॉल्टरचं होतं, आणि वॉल्टर हिवाळ्यात ते विकून मुलाकडे फ्लोरिडाला जाणार होता. म्हणजे हा एकच हंगाम. आणि खाणं ठेवायला लागून चार दिवस होत नाहीत तो तेलाची बादली उचलताना रुहीचा पाय मुरगळला, असा की घोटा सुजून टम्म. थोडे दिवस वॉल्टरनं बादल्या वाहिल्या, पण त्याची गवतकापणी आली होती. फोनवर हे सगळं ऐकताना आसावरीच्या तोंडून निघून गेलं, "मी येऊ का?" आठ वर्षांत तिनं हे अनेकदा विचारलं होतं आणि रुहीनं दर वेळी काहीतरी गोड कारण काढलं होतं. या वेळी ती म्हणाली, "ओके. बट आई, देअर इज द होल स्मेल थिंग."

स्मेल थिंग. जणू काही आसावरीला ते नवीन होतं! या विषयात कुणी डॉक्टरेट देत असतं तर तिनं वीस वर्षांपूर्वीच पटकावली असती. तेव्हा ते तिघं पार्सिपनी गावात राहत होते, रुही अकरा वर्षांची, सहावीत, आणि जानेवारीतल्या एका सकाळी आसावरीला तिच्या दप्तराच्या तळाशी कचऱ्याची मोठी काळी पिशवी सापडली, नीट घडी घातलेली. कशाला गं ही? जॅकेटला. म्हणजे? म्हणजे शाळेत गेल्यावर जॅकेट काढायचं, पिशवीत घालायचं, गाठ मारायची आणि मग लॉकरमध्ये ठेवायचं. "बिकॉज इट स्मेल्स लाइक अस," रुही म्हणाली होती. रडत नव्हती, चिडलीही नव्हती, बस किती वाजता येते हे सांगावं तशी सांगत होती. आसावरी त्या दिवशी ऑफिसला गेली नाही. तिनं घरातले सगळे कोट धुतले. आणि मग कायदे आले. फोडणीच्या आधी सगळी जॅकेटं आतल्या बेडरूममध्ये, दार बंद, दाराच्या फटीला टॉवेल. एक्झॉस्ट फुल स्पीडला. खिडकी उघडी, बाहेर उणे दहा असलं तरी. फोडणी फक्त शनिवारी, मग तीही मागच्या डेकवर, इलेक्ट्रिक शेगडीवर, कानटोपी घालून; नवरा, श्रीराम, छत्री धरून शेजारी उभा, कढईत बर्फ पडू नये म्हणून. हिंगाची डबी तीन डब्यांच्या आत, एकात एक. श्रीराम हसायचा. म्हणायचा, "अगं, आपण हिंग ठेवतोय की युरेनियम?" पण टॉवेल तोच लावायचा, इमानानं. आणि गंमत ही, की या सगळ्यात आसावरीला स्वतःला तो वास कधी म्हणून आला नाही. तिनं जॅकेटांत नाक खुपसून पाहिलं, सहलीहून परतल्यावर दार उघडताक्षणी दीर्घ श्वास घेऊन पाहिला. जो आपल्याला येत नाही, पण जगाला येतो, आणि ज्याच्यापायी आपली पोर रोज सकाळी लॉकरशी उभी राहून पिशवीला गाठ मारते, असा एक वास आपल्या अंगाला आहे, यावर तिनं देवावर ठेवावा तसा न बघता विश्वास ठेवला.

तेव्हा मेनला जायची तयारी तिनं मन लावून केली. निळं विंडचीटर, दोन शर्ट, दोन पँटी बिनवासाच्या पावडरीत दोनदा धुतल्या, बाल्कनीत वाळवल्या, आणि रुहीनं सांगितलं होतं तसं हवाबंद करून ठेवायला सिंकखालून एक पिशवी काढली. सिंकखाली पिशव्यांची कमी नव्हती. या घरात चांगली जाड झिपची पिशवी कधीच फेकली गेली नव्हती. ती धुवायची, नळाच्या मानेवर उलटी वाळत घालायची आणि जपून ठेवायची. तिनं सगळ्यांत मोठी, सगळ्यांत जाड बघून निवडली. झिप दोनदा दाबली. दहा दिवस कपडे त्यात राहिले. निघायच्या सकाळी श्रीरामनं ती पिशवी गाडीत ठेवली, वर दशम्यांचा डबा ठेवला, तो तिनं लगेच उचलून पुढच्या सीटवर आणला, आणि दहा तास एकटीनं ड्राइव्ह करत ती उत्तरेला निघाली. बॉस्टन मागे पडल्यावर तिला चक्क गावंसं वाटायला लागलं, आणि ती गायली, सूर सोडून. मुलीनं बोलावलं होतं. पाय मुरगळला म्हणून का होईना, बोलावलं होतं.

रुही व्हरांड्यात काठी टेकून उभी होती, एकतीस वर्षांची, श्रीरामचे रुंद खांदे आणि आसावरीचं नाक. तिनं मिठी मारली, आणि मिठीतच हुंगल्याचं आसावरीला कळलं. "गुड," रुही म्हणाली, "यू स्मेल लाइक नथिंग." आसावरीला आनंद झाला आणि पाठोपाठ चिकू आठवला. चहा घेताघेता रुहीनं नियम सांगितले. जंगलातले कपडे घरात आणायचे नाहीत, ते ट्रकच्या मागच्या पेटीत, पिशवीतच राहू दे, तिथेच घालायचे, तिथेच काढायचे. बूट रबरी. हातमोजे. वाटेत कशाला हात लावायचा नाही, काही खायचं नाही, थुंकायचं नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला जायचं, एकाच वाटेनं. आणि गुपचूप जायचं नाही. "गुपचूप नाही?" "नाही. आवाज करायचा. खाणं ठेवायच्या पिंपावर काठीनं तीनदा मारायचं. आई, तो जवळच असतो, ऐकत असतो. त्याला कळायला हवं, तू आलीस कधी आणि गेलीस कधी." पिंपासमोरच्या झाडाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला होता, त्याचं कार्ड दहा दिवसांनीच काढायचं, तिथे उगाच घुटमळायला नको. या रानात फोनची रेंज नव्हती, तेव्हा दहा दिवस काही कळणारही नव्हतं. रुही हे सांगताना इतकी गंभीर होती की आसावरीनं पेन घेऊन सगळं लिहून काढलं.

आणि मग तिच्या आयुष्यातले ते विलक्षण दिवस सुरू झाले. सकाळी रुहीच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बँकेच्या चुका शोधायच्या, साडेचारला लॅपटॉप मिटायचा, आणि पाचला ट्रकच्या मागे उभं राहून पिशवीतून विंडचीटर काढायचं. गरम व्हायचं, पण डास असे होते की ते घातल्यावाचून इलाज नव्हता. रस्ता सोडून दोनशे पावलं आत. फरच्या झाडांखाली जमीन मऊ होती, पाय ठेवला की थोडी खाली जाऊन परत वर येणारी. एका जाड बर्चच्या झाडाला साखळीनं बांधलेलं निळं प्लास्टिकचं पिंप, त्याला पुढे भोक, आणि झाडावर ठोकलेली पाटी: रुही टिपणीस, खाली पत्ता. पाटी कायद्यानं लावावीच लागते, पण पहिल्या दिवशी आसावरी ती वाचत बराच वेळ उभी राहिली. टिपणीस! या अरण्यात! ती डोनट ओतायची, वर काकवी, वर तळणीचं तेल, आणि ते तेल ओतताना तिचा हात दर वेळी किंचित आखडायचा, कारण इतकं तेल एकदम ओतायची तिच्या हाताला सवय नव्हती. मग पिंपावर तीन ठोके. नुसते ठोके देऊन निघून जाणं तिला फार कोरडं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून ती ठोके देऊन मोठ्यांदा म्हणायला लागली, "जेवायला या!" पहिल्यांदा म्हटल्यावर तिचं तिलाच हसू आलं, आणि त्या निर्मनुष्य रानात ती एकटी खो खो हसली. किती वर्षांनी ती अशी घराबाहेर मोठ्यांदा हसली असेल! जर्सी सिटीतल्या भिंती पातळ, ऑफिसात सगळे हळू बोलणारे, पार्सिपनीत तर वासापाठोपाठ आवाजही तिनं आवरता घेतला होता. इथे मुद्दाम आवाज करायचा होता, ते कामच होतं. ओतून झाल्यावर घाम यायचा, तेव्हा ती विंडचीटर काढून बर्चच्या एका फांदीवर टाकायची, बादल्या पुसायची, डास चावायला लागले की पुन्हा अंगात चढवायची. हे काही नियमांत बसत नव्हतं, पण फांदीला हात तर लावला नव्हता.

अकराव्या दिवशी रुहीचा पाय बराच सुधारला होता. ती काठी न घेता ट्रकपर्यंत आली, रबरी बूट बघू म्हणून मागची पेटी उघडली, आणि तिथेच थांबली. आसावरी व्हरांड्यातून बघत होती. रुहीनं पिशवी उचलली, झिप उघडली, चेहरा आत घातला. मग पिशवी उलटी करून बघितली. "आई," ती म्हणाली, फार हळू, "हे काय आहे?" पिशवीच्या तळाशी, आतल्या बाजूला, लेबलाचा अर्धा उरलेला कागद होता आणि त्यावर सुवर्णाताईंच्या, श्रीरामच्या बहिणीच्या, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: गोडा मसाला, दोन किलो. "धुतली होती," आसावरी म्हणाली. "तीनदा धुतली होती गं." पण ते म्हणताम्हणताच तिला सगळं लख्ख कळलं. पुण्याहून आलेला मसाला सहा महिने त्या प्लास्टिकमध्ये बसला होता, दगडफूल, नागकेशर, खोबरं, तीळ, हिंग, आणि मग तिचे धुतलेले कोरे कपडे दहा दिवस त्यात मुरत पडले होते, हवाबंद, दोनदा झिप दाबून. दहा दिवस ती ते घालून जंगलात जात होती. वाटेवरच्या प्रत्येक फांदीला, गवताला, बर्चला तिनं तो वास चोळला होता. आणि तिला तो काही म्हणजे काही आला नव्हता. रुहीनं पिशवी व्हरांड्याच्या पायरीवर आणून ठेवली. तिनं फक्त हात पुढे केला, "कार्ड?" आसावरीनं आदल्या संध्याकाळी आणलेलं आणि द्यायचं राहून गेलेलं कॅमेऱ्याचं कार्ड खिशातून काढून दिलं, आणि रुही ते घेऊन आत गेली.

आसावरी पायरीवर बसून राहिली. समोर तीन वाजताचं स्वच्छ ऊन होतं. तिला वाटलं, वीस वर्षं. वीस वर्षं टॉवेल लावले, बर्फात उभं राहून मोहरी तडतडवली, आणि ज्या एका वेळी खरोखर महत्त्वाचं होतं, पोरीनं स्वतःहून दार उघडलं, त्या वेळी मी तिच्या जंगलात दोन किलो मसाला नेऊन सांडला. ते अस्वल एव्हाना कॅनडात पोचलं असेल. आणि वॉल्टर रान विकणार. आणि रुही चिडणार नाही, हेच वाईट, ती सहावीतल्यासारखी शांतपणे पिशवीला गाठ मारेल, आणि पुढच्या वर्षी फोनवर काहीतरी गोड कारण काढेल. आसावरीनं विंडचीटर मांडीवर घेतलं, त्यात तोंड खुपसलं, आणि जिवाच्या आकांतानं हुंगलं. नायलॉन. नुसतं नायलॉन. आपल्या हातून काय घडलं तेसुद्धा आपल्याला कळू नये, याचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

आतून आवाज आला तो आधी खोकल्यासारखा वाटला. मग कळलं, रुही हसते आहे. "आई! आई, इकडे ये! यू हॅव टु सी धिस!" लॅपटॉपवर फोटो होते, तारीख आणि वेळ घातलेले. पाच वाजून अठ्ठावन्न, लख्ख उजेड, आणि पिंपाशी एक प्रचंड काळं अस्वल, छातीवर खांद्यापासून तिरका उतरलेला पांढरा पट्टा. दुसऱ्या दिवशी पाच छप्पन्न. तिसऱ्या दिवशी पाच बावन्न. "तीन वर्षं," रुही म्हणत होती, "तीन वर्षं हा फक्त रात्री येतो. ओन्ली ॲट नाइट! मला दिवसाचा त्याचा एक फोटो मिळालेला नाही." पुढच्या फोटोत तो पिंपाकडे बघतही नव्हता. मागच्या दोन पायांवर उभा राहून त्यानं बर्चची एक फांदी खाली ओढली होती आणि नाक तिच्यात खुपसलं होतं. पुढच्यात डोळे मिटलेले. पुढच्यात तो फांदीला पाठ घासत होता. ती फांदी कुठली ते आसावरीनं ओळखलं, आणि तिचा चेहरा कानापर्यंत तापला. "हा तर पाटील आहे," ती म्हणाली. "उपरणं घेऊन आलाय." रुही इतकी हसली की तिला पाय धरून खुर्चीत बसावं लागलं, आणि मग आसावरीही हसायला लागली, दोघी एकमेकींना धरून, मध्येच थांबून, पुन्हा फोटोकडे बघून, पुन्हा.

"पण मग तो साबण?" आसावरीनं डोळे पुसत विचारलं. रुही जराशी ओशाळली. म्हणाली, माणसाचा वास पुरता घालवता येतच नाही, अस्वलाला तो कितीही धुतला तरी येतो. दोन शाळा आहेत आमच्यात, स्कूल्स ऑफ थॉट. एक म्हणते, शक्य तेवढा कमी करा. दुसरी म्हणते, राहू दे, पण रोज एकच ठेवा, एकच माणूस, एकच वास, आणि त्या वासामागून दर वेळी जेवण. "मी पहिल्या शाळेतली होते. तुला माहितीये व्हाय." तिनं ते सहज म्हटलं आणि लॅपटॉपकडे बघत राहिली. "तीन वर्षं मी अशी जाते की मी नाहीच. त्याला वाटत असेल, कुणीतरी आहे पण लपतंय. सो ही वेटेड फॉर डार्क. आणि तू... तू ठणाठणा पिंप वाजवत, हिंगाचा वास मारत... त्याला कळलं ना, कोण आहे ते. ही बाई आली की जेवण. ही बाई लपत नाही." आसावरीनं रुहीच्या केसांवरून हात फिरवला, आणि मग जे मनात आलं ते बोलून टाकलं, कारण ते न बोलता राहिलं असतं तर पुढचा आनंद खोटा झाला असता. "म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवून तो येणार, आणि मारला जाणार." रुहीनं मान वर केली. "हो," ती म्हणाली. "आय थिंक अबाउट इट एव्हरी टाइम. मी नीट मारेन, आणि वर्षभर खाईन, काही टाकणार नाही. पण हो. ते तसंच आहे. तुला नको वाटत असेल तर आपण थांबू." आसावरीनं विचार केला. कोंबडी ती आनंदानं खायची, आणि कुठल्या कोंबडीला तिनं कधी जेवायला या म्हटलं नव्हतं. या दोन्हींत बरं कुठलं, ते तिला ठरवता येईना. तिला वाईट वाटत होतं, आणि त्याच छातीत, त्याच्याच शेजारी, एक लहान मुलासारखा बेशरम आनंद उड्या मारत होता. ती म्हणाली, "नको. जाऊ या."

राहिलेले चार दिवस ती गेली, तीन ठोके, जेवायला या, आणि कॅमेऱ्याकडे हात हलवून परत. रविवारी दुपारी रुहीनं आपले शिकारीचे कपडे काढले, हिरवट, कोरे, हवाबंद पिशवीत जपलेले, आणि टेबलावर ठेवून त्यांच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "हे नाही चालणार. उद्या आपण दोघी जाणार, तू आवाज करून परत जाणार, मी वर बसणार. त्याला वाटायला हवं की नेहमीचीच बाई आली आणि गेली. वास एकच हवा." ती थांबली. "मला तुझं जॅकेट दे. आणि एव्हरीथिंग नीड्स द स्मेल, आई, माझी टोपी, पँट, सगळं. विंडचीटरचा पण उडत चाललाय." मग रुही आतल्या खोलीत गेली, कपडे घेऊन बाहेर आली, स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांच्या पाठींवर एकेक पसरून ठेवले, शेगडीभोवती गोल, आणि खिडक्या लावून घेतल्या. "कर," ती म्हणाली. "फोडणी कर. शनिवार नाहीये, पण कर." आसावरीनं कढई ठेवली. तेल तापलं. तिचा डावा हात, त्याला कुणी सांगितलं नव्हतं, वीस वर्षांच्या सवयीनं आपोआप एक्झॉस्टच्या बटणाकडे गेला. रुहीनं तो मनगटाशी धरला आणि खाली आणला. मोहरी तडतडली. हिंग, हळद, मग चार चमचे गोडा मसाला. श्रीरामनं डब्यात एक पुडी लपवून दिलीच होती. धूर उठला. रुही कपड्यांच्या मधोमध हात पसरून उभी राहिली, डोळे मिटून, आणि खोकत खोकत म्हणाली, "मोअर."

सोमवारी दुपारी रुहीनं तिला बिनवासाच्या साबणानं दोनदा आंघोळ करायला लावली आणि आपला धुतलेला रेनकोट घालायला दिला. "आज तू कुणीच नाहीस," ती म्हणाली. "आज मी तू." विंडचीटर रुहीला खांद्यांत घट्ट होत होतं. साडेपाचला दोघी त्या वाटेनं गेल्या, एकीच्या पावलात दुसरीनं पाऊल ठेवत. रुही शिडी चढून मचाणावर बसली आणि फांद्यांत दिसेनाशी झाली. आसावरीनं डोनट ओतले, काकवी ओतली, तेल ओतलं, या वेळी हात न आखडता. तीन ठोके. जेवायला या, असं ती आजही मोठ्यांदाच म्हणाली. मग बादल्या घेऊन ती वळली. मागे कुठेतरी, ओढ्याच्या बाजूला, काटकी मोडल्याचा आवाज झाला. ट्रक सुरू व्हायची वाटही आज अस्वलानं पाहिली नव्हती. वळून बघायचं नाही, रोजच्या चालीनं चालायचं, हा नियम होता, आणि ती चालत राहिली. तेवढ्यात पाठीमागून वारा आला, मचाणावरून, झाडांमधून, आणि त्याच्याबरोबर काहीतरी आलं. ती चालताचालता गोंधळली. कुणाचंतरी स्वयंपाकघर होतं ते. कुणीतरी वरणाला फोडणी दिली होती, कुणाच्यातरी घरी जेवायची वेळ झाली होती, ताटं मांडत होते, आणि ते घर इतकं ऊबदार, इतकं भरलेलं, इतकं चांगलं होतं, की बादल्या हातात घेऊन चालत असलेल्या त्या बाईला वाटलं, कुठलं बरं हे घर, आपल्याला कधी कुणी तिथे बोलावलं असतं तर किती बरं झालं असतं. आणखी दोन पावलं टाकल्यावर तिला कळलं ते कुणाचं घर होतं.